आपल्या माणसाला कमी

सोमवार, ६ जानेवारी

ही डायरी बर्फाच्या कारखान्याची हाय, दोन वर्षांमागची. छापलेले वार जुळत नाय म्हणून मी ते खोडून आपले लिहिते. कीर्तीनं आणून दिली. कीर्ती माझ्या लेकीची लेक, तिच्याकडंच मी करंजाड्याला राहते, पाचव्या माळ्यावर. बोलली, "आजी, तुला काय वाटलं, का वाटलं, सगळं लिहीत जा. माझ्या कामाला येईल. आणि जे मला दाखवायचं नाही ते मागून लिही, मी ती पानं उघडणार नाही." तर हे मागचं पान.

मी तिसरी शिकलेली. चौथीत नाव घातलं तेव्हा आई बोलली, चल, पाटी धर. ती पाटी लिहायची नव्हती. तेव्हापासून गुडघे जाईपर्यंत मी पनवेलच्या बाजारात मासळी विकली. एक्केचाळीस वर्षं.

आणि आज मी तज्ज्ञ झाली! कीर्तीनं गळ्यात घालायचा पट्टा आणलाय, त्यावर माझा फोटो आणि खाली "तज्ज्ञ, भामाबाई". फोटोत मी रागावलेली दिसते, पण नाव ठळक आलंय. शेजारच्या बाईला दाखवून आली. ती बोलली, "अय्या, कसल्या तज्ज्ञ?" मी बोलली, "मासळीवालीच्या."

झालंय असं, की रस्त्यावर बसणाऱ्या मासळीवाल्यांसाठी नवीन मार्केट बांधलंय. वर छप्पर, खाली फरशी, प्रत्येकीला नळ. ओटे बासष्ट. रस्त्यावर बसणाऱ्या बाया सत्त्याऐंशी. मग पंचवीस जणींनी जायचं कुठं? आणि एकदा मार्केट उघडलं की रस्त्यावर बसू देणार नाय. कीर्तीच्या हापिसाला काम दिलंय, कोणाला ओटा द्यायचा ते ठरवायचं. कीर्ती बोलली, "आजी, चिठ्ठ्या टाकल्या तर ते नशीब झालं. वशिला चालवला तर मारामारी. आम्ही प्रत्येकीला गुण देणार, शंभरपैकी. पण गुण कशाला किती, ते मासळीतल्या जाणत्या माणसांकडून शिकणार. म्हणजे कोणाला बोलायला जागाच नाही."

केवढी हुशार हाय. आमच्या खानदानात कोणी असं बोललं नाय.

गुणाबाईला ओटा मिळायलाच पायजे, मिळणारच. गुणाबाई माझी धाकटी जाव. दोन भावांच्या आमी दोघी, दोघी रांडव्या, तीस वर्षं एका गोणपाटावर बसलो. मी उठली तेव्हापासून माझ्या जागेवर ती बसते. तिला दुसरं काय येत नाय, आणि पोरबाळ नाय. खाडीत उतरते, चिखलातल्या उड्या मारणाऱ्या निवट्या, शिंपल्यातले खुबे, चिंबोऱ्या हातानं धरते, वाटे लावून विकते, घरी जाते. तिला आज सांगितलं नाय. पंचानं आधी बोलायचं नसतं.


बुधवार, ८ जानेवारी

पहिली बैठक. हापिसात इतकी थंडी की मासळी दोन दिवस राहील. बिस्किटं होती, काजूची.

आमी पाच तज्ज्ञ. बर्फवाला शेठ, एक हाटेलवाला, एक रिटायर झालेला बाजार तपासणीस, एक मासळीचं कालेज शिकलेली मॅडम, आणि मी. मॅडमनी मला वाकून नमस्कार केला. बर्फवाला लांबूनच "काय भामाबाय" बोलला. तीस वर्षं बर्फात पाणी विकलं त्यानं मला.

कीर्तीचे साहेब निनाद म्हणून हायत. पोरसवदा, पण सगळे सर बोलतात. त्यांनी विचारलं, चांगली मासळीवाली कशी ओळखायची? मग मी बोलायला लागली. कल्ले लाल दिसतात तर सगळेच बघतात, पण कल्ल्याला रंग लावते ती कोण आणि नाय लावत ती कोण हे तिच्या नखांवरून कळतं. गिऱ्हाइकानं पोटुशी सून आणली असेल तर तिच्या पिशवीत काय घालायचं, काय नाय. कोळंबी सोलून देताना बडबडते ती डोकी पण वजनात धरते. आणि गुणाबाईचं नाव न घेता मी तेही सांगितलं, की एक बाई हाय, मासळी जरा उतरली की गिऱ्हाइकाला सांगते, "आज घेऊ नको, काल्चं हाय." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक चार जणींना घेऊन येतं.

निनाद सर बोलले, "फार सुंदर. पण काकी, हे मोजायचं कसं?"

मी बोलली, "मोजायला कशाला पायजे? मी सांगते ना."

सगळे हसले. मी पण हसली. तासभर बोलली असेन, त्यांच्या फळ्यावर माझ्या नावाखाली चार शब्द होते. ताजेपणा. स्वच्छता. ग्राहक. इतर. एवढ्या बोलण्याचं एवढंसं कसं झालं कोण जाणे, पण अक्षर छान हाय त्या पोराचं.


शुक्रवार, १० जानेवारी

आज खरं काम झालं. मला एका खोलीत एकटीला बसवलं. समोर कार्डं. एका वेळी दोन ठेवायची, मी बोट ठेवायचं, ओट्याला जास्त लायक कोण. अशा चाळीस जोड्या. प्रत्येक बोटामागं कागदावर माझी सही. चाळीस सह्या केल्या, शेवटची पहिलीपेक्षा बरी आली.

कार्डावर नाव नाय. कीर्ती बोलली, ओळख लागू नये म्हणून. मना हसूच आलं. "रोज बसते, बर्फाच्या दोन पेट्या, इलेक्ट्रिक काटा, पापलेट सुरमई, गिऱ्हाईक रोजचं शंभर." ही गंगाबाई, आणखी कोण? "महिन्यातले चौदा दिवस बसते, वेळ ठरलेली नाही, काटा नाही, वाटे लावते, बर्फ नाही, खाडीची मासळी, काही गिऱ्हाइकांना माल न देता परत पाठवते." ही गुणाबाई. वेळ ठरलेली नाय कारण ओहोटी रोज वेगळ्या वेळी येते. ते कार्डावर कोणी लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊकच असणार.

खाडीवाल्या आमच्याच गावच्या. गुणाबाई धरून नऊ जणी. सगळी कार्डं ओळखली.

आता मी न्याय कसा केला ते लिहून ठेवते, कारण मना त्याचा अभिमान वाटतो. माझे सासरे गावातले वाटे करणारे. सगळ्यांनी मिळून वाण, म्हणजे मोठं जाळं, ओढली, मासळी किनाऱ्यावर पडली, की वाटे सासऱ्यांनी करायचे. आमच्या घरचा वाटा ते कायम कमी ठेवायचे, डोळ्यांना दिसेल इतका कमी. लग्न होऊन आली तेव्हा मना राग यायचा, हा म्हातारा घरच्यांना उपाशी मारणार. मग बघितलं. कोणी टोपली उचलायचं नाय. मग दुसऱ्या घरचा एक जण पुढं व्हायचा, "बाबा, तुमचा कमी झाला," आणि आपल्यातली एक मासळी आमच्या वाट्यात टाकायचा. मग तिसरा. मग चौथा. शेवटी आमचा वाटा कोणापेक्षा कमी नसायचा. पण आपला आपण वाढवला नाय, लोकांनी वाढवला. सासरे बोलायचे, वाटे करायला बसलं की आपल्या माणसाला कमी धरावं. वैऱ्याला जास्त. मग कोणी बोट दाखवत नाय.

मी तसंच केलं. गंगाबाईशी माझं बावीस वर्षं भांडण हाय, तिनं माझ्या जागेत पेटी सरकवली होती. तिला वर धरलं. खाडीवाल्या कोणासमोर आल्या तरी खाली. गुणाबाई सहा वेळा आली, सहाच्या सहा वेळा समोरचीवर बोट ठेवलं. एकदा बोट तिच्याच कार्डाकडं गेलं, ते मागं घेतलं. पण कीर्ती माझी नात, तिच्या हापिसात मी घरच्यांची बाजू घेतली असं कोणी बोललं तर?

बाकीचे चार तज्ज्ञ हायतच. ते बोलतील, भामाबाय, कमी झाला.


रविवार, १२ जानेवारी

रिक्षा करून बाजारात गेली. पट्टा गळ्यात घालूनच.

गुणाबाई लांबूनच ओरडली, "ये गो ये, मोटी साहेबीण आली! उठा गो सगळ्या, सलाम करा!" तिच्या शेजारच्या बाया हसून लोळल्या. मी तिच्या गोणपाटावर बसली, माझी जागा अजून माझ्या बुडाच्या मापाची हाय.

"काय गो, माझं काय लिहिलंस?"

"पंचानं बाहेर बोलायचं नाय."

"बघा! तीस वरीस माझ्या डब्यातली भाकर खाल्ली, आता बोलायचं नाय." आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. "बरं जाऊ दे. तू हायस तिथं, मना झोप लागते."

टोपलीत निवट्या होत्या, जित्या, नुसत्या उड्या. एक शहरातली बाई आली, तिला बाजूचे खुबे पायजे होते. गुणाबाई बोलली, "ते नको ताई, काल्चे हायत. आज निवट्या घे नायतर उद्या ये." बाई निघून गेली. मी बोलली, "एवढं पण खरं बोलू नये." ती बोलली, "तुझ्याकडनंच शिकली, आणि मनाच सांगतेस?"

खरं हाय. मीच शिकवलं.

गंगाबाईनं आज मना चहा पाजला. स्वतः उठून आणला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.


गुरुवार, २३ जानेवारी

आनंद असा, की सकाळपासून दोनदा चहा उतू गेला.

कीर्ती हापिसातून आली ती मला उचलूनच घेणार होती. बोलली, "आजी, तू आमची स्टार आहेस!" त्यांनी चाळीस जोड्यांमधल्या दहा जोड्या उलट करून परत दाखवल्या होत्या, माणूस एकच मत ठेवतो का बघायला. मना ते कळलंच नव्हतं. हाटेलवाल्याची चार मतं फिरली, बर्फवाल्याची तीन. कालेजवाल्या मॅडमची पण दोन. माझं एक पण नाय! दहाच्या दहा तीच बोटं.

"म्हणून तुझ्या मताला आम्ही सगळ्यात जास्त वजन दिलं. पाच जणांचं मिळून जे सूत्र बनलं ना, ते जवळजवळ तूच आहेस. नवीन कार्ड टाकलं तर शंभरात चौऱ्याण्णव वेळा ते तुझ्यासारखं उत्तर देतं. कॉम्प्युटर तुझ्यासारखा विचार करतो आजी!"

माझ्यासारखा! तिसरी शिकलेल्या बाईसारखा. सासरे असते तर त्यांना दाखवलं असतं. आज जिताड्याचं कालवण केलं, कीर्तीनं दोनदा भात घेतला.

जेवताना तिनं सूत्र वाचून दाखवलं. रोज बसते, अधिक इतके. बर्फ, अधिक. काटा, अधिक. मग वाटे लावते, उणे. खाडीची मासळी, उणे. गिऱ्हाईक परत पाठवते, उणे, आणि हे उणे सगळ्यात मोठं.

मी बोलली, "गिऱ्हाईक परत पाठवते ते उणे? मी तर तिची स्तुती केली होती. मी असं बोलली नव्हती गो."

कीर्ती बोलली, "बोलली नाहीस आजी, पण निवडलंस. माणूस बोलतो एक आणि निवडतो एक. खरं मत निवडीतच दिसतं. हीच तर आमच्या पद्धतीची गंमत."

असेल. शिकलेली हाय ती. कालवणात मीठ जरा जास्त झालं होतं, पण तीही काय बोलली नाय.


रविवार, २ फेब्रुवारी

गुडघा सुजलाय. पाच पंच एकत्र कधी बसवतात त्याची वाट बघते. पातळ धुऊन इस्त्री करून ठेवलंय, जांभळं. फोन नाय.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज शेवटी विचारलं. "कीर्ती, पंच कधी बसणार?"

"कुठले पंच?"

"आमी पाच. एकमेकांचं बघायला. 'कमी झाला' बोलायला."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं, सासऱ्यांचं, वाट्यांचं, टोपली न उचलायचं. ती लॅपटॉपवर काहीतरी करत होती, तिची बोटं थांबली.

"आजी, म्हणजे तू गुणाआजीला मुद्दाम खाली टाकलंस?"

"मुद्दाम नाय. रीतीनं."

"आणि बाकीच्या आठजणींना?"

"आपल्याच गावच्या ना."

ती उठून गॅलरीत गेली. कपडे वाळलेले नव्हते तरी काढायला लागली. मी मागनं गेली. बोलली, "अगो, अजून तर वेळ हाय, मी येते हापिसात, सांगते साहेबांना, की बाबा, ही बोटं नुसती सुरुवातीची होती, यांच्यावर अजून बोलणं व्हायचंय."

"यादी शुक्रवारी गेली आजी." पाठमोरीच बोलली. "आणि आता तू मत बदललंस तर ते मत राहत नाही. निकाल बघून फिरवलेलं मत म्हणजे वशिला. आणि ठपका तुझ्यावर नाही, माझ्यावर येईल. मीच तुला पॅनलवर घेतलंय. माझी आजी, आणि तिची जाऊ. कळतंय का तुला, मला काढून टाकतील."

मग वळली, माझे दोन्ही हात धरले. लहानपणी पडली की धरायची तसे. "कोणाला सांगू नकोस. प्लीज. आपण काहीतरी करू."

करेल ती. हुशार हाय. मी तिला बोलली, जेव आधी.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

यादी लागली. गुणाबाई एकाहत्तरावी. बासष्टाच्या खाली रेघ मारलीय, लाल. खाडीवाल्या नऊच्या नऊ रेघेखाली. हरकत असली तर सोमवारी ऐकून घेणार.

गंगाबाई पहिली.

गुणाबाई दुपारी इथं आली. पाच माळे चढून, लिफ्टमध्ये तिला भीती वाटते. मी पाणी दिलं. घटाघटा प्यायली. मग बोलली, "तू नको वायट वाटून घेऊ. तू वर धरलं असशील, मना ठाव हाय. त्या बर्फवाल्यानं खाली खेचलं. मी त्याचा बर्फ घेत नाय ना."

मी रिकामा गिलास उचलला.

"तू नसतीस तर सत्त्याऐंशीवी आली असती."

हे मागच्या पानावर लिहितेय, इथं तरी खरं लिहायला पायजे. मी तिला सांगू शकत होती. आमी दोघीच होतो, कीर्ती हापिसात होती. मी उठून तिला लाडू आणून दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा माझ्यासाठी ठेवला.

जाताना बोलली, "सोमवारी तू उभी राहा, दोन शब्द बोल. तुझा मान हाय तिथं. पट्टा घाल."


सोमवार, ३ मार्च

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाय तर आत सडेल.

मांडव घातला होता मार्केटसमोर. बाया खाली, टेबलावर मार्केट समितीचे तीन जण, बाजूला निनाद सर आणि कीर्ती. कीर्ती माझ्याकडं बघत नव्हती. मी जांभळं पातळ नेसली होती आणि पट्टा घातला होता. त्या पट्ट्याची आता मना लाज वाटते, पण गुणाबाई बोलली होती.

खाडीवाल्यांचं नाव आलं तेव्हा मी उभी राहिली. पण काय बोलणार? आपला कमी झाला असं आपणच बोलायचं नसतं. मी सगळ्यांकडं बघून सासऱ्यांची रीत सांगितली. हात जोडले. बोलली, "मी वाटे केले, माझं माणूस कमी धरलं. आता माझ्या तोंडानं ते वाढवता येत नाय. तुमच्यातल्या कोणीतरी बोला. ज्यांना जास्त मिळालंय त्यांनी बोला. एकीनं बोला, मग दुसरी बोलेल."

आणि मी गंगाबाईकडं बघितलं. तिचं सासर पण आमच्याच कोळीवाड्यातलं. तिला ही रीत ठाव हाय, तिच्या सासऱ्यानं आमच्या वाट्यात मासळी टाकलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

गंगाबाई पदरानं वारा घेत होती. थांबली. तोंड उघडलं पण, मी बघितलं. मग तिच्या बाजूची तिला काहीतरी बोलली आणि ती परत वारा घ्यायला लागली.

बासष्ट जणी. कोणी बोललं नाय. सगळ्यांच्या टोपल्या उचलून झाल्या होत्या.

मागच्या खुर्चीतून बर्फवाला बोलला, "भामाबाय, आता नात्यातलं काढू नका."

मना राग आला. बोलली, "तूच खेचलं असशील खाली!" का बोलली? खोटं होतं, मना ठाव होतं. तोंडातून गेलं.

निनाद सर उठले. चांगलं पोर हाय, आवाज पण चढवला नाय. हातात माझे कागद होते. बोलले, "काकी, हा आरोप बरोबर नाही. शेठजींनी या कार्डाला तीनदा वर ठेवलंय. मॅडमनी चारदा. दर वेळी खाली ठेवणाऱ्या फक्त तुम्ही आहात. सहाच्या सहा वेळा. ही तुमचीच सही ना?"

मांडवात पंखा चालू होता, कागद फडफडत होते. चाळीस सह्या. शेवटची पहिलीपेक्षा बरी.

बर्फवाल्यानं तीनदा. मॅडमनी चारदा. ते बोलले होते! आपापल्या खोलीत बसून, "कमी झाला" असं ते बोलले होते, आणि माझ्या बोटाला वजन जास्त म्हणून ते बुडलं.

गुणाबाई माझ्या मागंच उभी होती. मी वळली. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, पट्ट्याकडं बघत होती. वाचता येत नाय तिला. फोटोकडं बघत असेल. मग तिनं पदर खांद्यावर नीट घेतला, जशी गिऱ्हाईक गेल्यावर घेते, आणि बाकीच्या आठजणींच्या मधून निघून गेली. त्या आठजणी मात्र थांबल्या. त्यातली एक बोलली, ते इथं लिहीत नाय.


मंगळवार, ४ मार्च

कीर्ती बोलली, "तू माझं नाव घेतलं नाहीस, थँक यू आजी." रडत होती. नोकरी राहिली.

मी बोलली, जेव.


शुक्रवार, १४ मार्च

काल शिमगा झाला. दर वर्षी मी होळीला गावात जाते, गुणाबाई आणि मी एकाच ताटातून नैवेद्य दाखवतो. ह्या वेळी गुडघा दुखतो असं सांगितलं. कोणाला सांगितलं? कोणी विचारलंच नव्हतं. कीर्तीला सांगितलं.


गुरुवार, ३ एप्रिल

मार्केट उघडलं. मना बोलावलं होतं, शाल आणि नारळ द्यायला. गेली नाय. कीर्ती घेऊन आली. शाल चांगली हाय, लोकरीची, एप्रिलमध्ये. कीर्ती सांगत होती, दुसऱ्या दोन शहरांतून विचारणा आलीय, त्यांना हेच सूत्र पायजे. तिथं पण खाडी हाय का, मी विचारलं. ती बोलली, "माहीत नाही गं."

कुठल्या तरी गावात कोणाला तरी माझं बोट लागणार. तिथल्या बाया मला ओळखत पण नाय.

ही पानं तिनं उघडली नाय, शब्द पाळला. उघडली असती तरी चाललं असतं.


मंगळवार, १५ एप्रिल

सकाळी खालून आवाज आला. "निवट्याऽऽ, चिंबोऱ्याऽऽ." पाचव्या माळ्यावरनं पण मी ओळखला. तीस वर्षं कानाशी होता तो.

लिफ्ट बंद. उतरली, एकेक पायरी बसून. गेटच्या बाहेर झाडाखाली होती, वॉचमन आत घेत नाय. टोपली जमिनीवर, बिल्डिंगमधल्या तीन बाया भोवती. गुणाबाई वाळलीय. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार जायचं वय ना तिचं ना माझं, आमी ते सोडून पस्तीस वर्षं झाली. वाटे मात्र तसेच, पाच पाच निवट्यांचे, पानावर.

तिनं तिघींना दिलं. एकीला दोन जास्त घातल्या. "घे गो, तुझा बारका झाला." त्या गेल्या. मग मी पुढं झाली.

घरून काय काय ठरवून निघाली होती. पायऱ्यांवर सगळं पाठ केलं होतं. पण तोंडातून एवढंच आलं, "गुणा, मना एक वाटा दे."

तिनं वर बघितलं. जशी कुठल्याही गिऱ्हाइकाकडं बघते. रागावली असती तर बरं झालं असतं, पाठीत गुद्दा घातला असता तर मी तिथंच बसली असती.

"आज घेऊ नको, ताई," ती बोलली. "काल्चं हाय."

टोपलीत निवट्या उड्या मारत होत्या. एक बाहेर पडली, माझ्या चपलेवर. गुणाबाईनं ती उचलली, परत टोपलीत टाकली, वरून ओलं फडकं घातलं, आणि पाटी डोक्यावर घ्यायला लागली. तिला एकटीला उचलत नव्हती. एक बाजू कायम मीच धरायची. मी हात पुढं केला.

तिनं वॉचमनला हाक मारली.